‘द इनक्रेडिबल हल्क’ (१९७७–८२): चूक कुठली आणि काटकसर कुठली?

जांभळी_पँट
बिल बिक्स्बी (डॉ. बॅनर) आणि लू फेरिग्नो (बॅनर चिडला की होतो तो हिरवा हल्क) यांच्या जुन्या मालिकेतल्या कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी न जुळण्याच्या, चुकांची यादी करतेय. चार ठिकाणी अडलंय.
१) पायलटमध्ये (सुरुवातीच्या भागात) तळ्याच्या प्रसंगात एका शॉटपुरता हल्क वेगळाच माणूस वाटतो.
२) ट्रकवाल्या भागात पाठलागाचं चित्र मध्येच खरबरीत होतं, रंगही बदलतो.
३) हल्क अनवाणी असायला हवा, पण पायात काहीतरी दिसतं.
४) कॉमिकमध्ये ब्रूस बॅनर, इथे डेव्हिड.
यातलं चूक म्हणून काय धरायचं? आणि नेमक्या फ्रेमवर थांबून कसं बघायचं? पॉज दाबलं की हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात.

रिळवाला
पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तो माणूस खरंच वेगळा आहे. हल्कचं काम आधी रिचर्ड कीलला दिलं होतं, बाँडपटातला पोलादी दातांचा ‘जॉज’ तोच. उंची सात फुटांच्या वर, पण अंग हल्कसारखं भरलेलं नव्हतं. निर्माता केनेथ जॉन्सनच्या मुलानेच म्हणे ते बोलून दाखवलं. चित्रीकरण सुरू झाल्यावर त्याच्या जागी शरीरसौष्ठवपटू फेरिग्नो आला. कीललाही फारसं वाईट वाटलं नाही. त्याला एकाच डोळ्याने नीट दिसायचं, हल्कची कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नव्हती आणि हिरवा रंग निघता निघत नव्हता.

कीलचे शॉट काढून फेरिग्नोवर पुन्हा घेतले, पण वरून घेतलेला एक छोटा शॉट तसाच राहिला. चेहऱ्याकडे बघू नका, एवढ्या लांबून तो कळत नाही. खांदे आणि कंबर यांचं प्रमाण बघा. फेरिग्नोचं धड म्हणजे उलटा त्रिकोण, कील वरपासून खालपर्यंत जवळजवळ सरळ. मागचापुढचा शॉट आलटूनपालटून लावलात की फरक लगेच कळेल. यादीत हा पहिल्या नंबरावर घ्या.

चौथा मुद्दा मात्र यादीतून काढा. आडनाव आणि नाव एकाच अक्षराने सुरू होणं ही कॉमिकची ढब जॉन्सनला नको होती, म्हणून त्याने ठरवून नाव बदललं. मालिकेतल्या थडग्यावर ‘डेव्हिड ब्रूस बॅनर’ असं पूर्ण नाव आहे. विचार करून बदललेल्या गोष्टीला चूक म्हणू नये.

खडूस_प्रेक्षक
ट्रकवाला भाग म्हणजे ‘नेव्हर गिव्ह अ ट्रकर ॲन ईव्हन ब्रेक’. त्यातला बराचसा पाठलाग स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७१ च्या ‘ड्युएल’ या टीव्ही चित्रपटातून उचललाय. तोच गंजका पीटरबिल्ट टँकर, तीच लाल प्लिमथ व्हॅलियंट. दोन्ही निर्मिती युनिव्हर्सलच्या आणि दृश्यं पुन्हा वापरू नका असं करारात कुठे नव्हतं, त्यामुळे कायद्याने सगळं ठीक. स्पीलबर्ग नाराज झाला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. मालिकेच्याच १९७८ मधल्या ‘७४७’ या भागात ‘एअरपोर्ट १९७५’ मधलं विमान आहे. टीव्हीच्या पैशात जंबो जेट हवेत कोण उडवणार?

चित्र खरबरीत होण्याचं कारण असं. जुन्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह सहसा कापत नाहीत. तिच्यावरून पॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह, आणि तो तुकडा नव्या भागात जोडला जातो. अशा प्रत्येक नकलेत, म्हणजे पिढीत, चित्राचा दाणा वाढतो, कॉन्ट्रास्ट चढतो. नवीन शॉट पहिल्या पिढीचे, उसने शॉट तिसऱ्या पिढीचे, म्हणून सांधा डोळ्यावर येतो. असे तुकडे हुडकायला तीन खुणा:

– नट आणि ट्रक एका फ्रेममध्ये स्पष्ट दिसतात का? उसन्या तुकड्यात नट असणं शक्यच नाही, म्हणून चेहरा एका शॉटमध्ये, ट्रक दुसऱ्यात.
– सावल्यांची लांबी. एकाच पाठलागात सावली क्षणात आखूड, क्षणात लांब झाली तर चित्रीकरण वेगवेगळ्या वेळी झालंय.
– उलटवलेला शॉट. जाण्याची दिशा जुळावी म्हणून फिल्म डावी-उजवी फिरवतात. नंबरप्लेट उलटी, किंवा स्टेअरिंग भलत्या बाजूला. इथे आपण फसतो! अमेरिकन गाडीचं स्टेअरिंग डावीकडे असतं. आपल्या डोळ्याला उजवीकडची सवय, त्यामुळे उलटवलेली गाडी आपल्याला खटकतच नाही. पुरुषाच्या शर्टाची पट्टीही बघा. त्याची डावी बाजू वर यायला हवी.

उसनं दृश्य वापरणं ही काटकसर. ते आजूबाजूच्या शॉटशी न जुळणं ही चूक. यादीत दोन रकाने करा.

रंगपेटी
पायांबद्दल. त्या हिरवट मऊ सपाता आहेत. धावायचं, भिंती फोडायच्या, जमिनीवर काचा आणि लाकडाच्या ढलप्या, तिथे नटाला अनवाणी कोण सोडेल? पूर्ण आकृतीच्या शॉटमध्ये घोट्यापाशी कड दिसते, कारण कातडीला सुरकुती पडते तशी कापडाला पडत नाही.

खरी मौज रंगात आहे. मेकअपला तीन तास लागायचे आणि तो रंग ज्याला त्याला लागायचा. हल्कने कुणाला उचललं की त्या माणसाची कॉलर बघा, दाराची चौकट बघा. डाग पडणं म्हणजे चूक नव्हे. हल्कचा हात लागायच्या आधीच डाग दिसला, किंवा आधी दिसलेला पुढच्या शॉटमध्ये गेला, तर ती पक्की चूक: दोन वेगळ्या टेकचे तुकडे जोडलेत.

लेन्स कडक होती आणि इतकी टोचायची की दर पंधरा मिनिटांनी काढावी लागे. म्हणून एकाच मारामारीत डोळ्यांचा रंग तपासा, मध्यम अंतराच्या शॉटमध्ये विशेषतः. केसांचा टोप याकच्या रंगवलेल्या केसांचा. तो घामाने चिकटला की पुढच्या शॉटमध्ये पुन्हा फुललेला दिसतो.

शर्ट फाटण्याच्या शॉटसाठी शिवण आधीच उसवून कच्च्या टाक्यांवर धरतात. एकदा फाटला की तो शर्ट संपला, पुढच्या टेकला दुसरा. त्यामुळे बिक्स्बीच्या अंगावर फाटायला लागलेली शिवण आणि फेरिग्नोच्या पाठीवर फाटलेली जागा ताडून बघा. पँटच्या पायाची फाटलेली कडही.

जांभळी_पँट
डरकाळीचं काय? तीही मध्येच बदलल्यासारखी वाटते.

रिळवाला
बरोबर ऐकलंत. सुरुवातीला आवाज टेड कॅसिडीचा. तो जानेवारी १९७९ मध्ये वारला, मग चार्ल्स नेपियर आला. सुरुवातीचं निवेदन मात्र कॅसिडीचंच राहिलं. ही चूक नव्हे, यादीत घेऊ नका.

फ्रेम_मोजणी
रेघांचं सांगतो. मालिका फिल्मवर, सेकंदाला २४ फ्रेम. अमेरिकन डीव्हीडीवर त्या ३० च्या आसपास करायला दर चार फिल्म-फ्रेमच्या पाच केल्या जातात. त्या पाचातल्या दोन फ्रेम शेजारच्या दोन चित्रांची मिसळ असतात. कंगवा दिसतो तो त्यांच्यातच. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (रेघा पुसायची सोय) बंद ठेवा, पॉज करा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. तीन स्वच्छ, दोन रेघांच्या, असा क्रम दिसेल. पुरावा म्हणून स्वच्छ फ्रेमच घ्या. मिसळ फ्रेममध्ये नसलेला तिसरा हातही दिसतो आणि लोक त्याची ‘चूक’ नोंदवून मोकळे होतात. पाल (युरोप-भारतातल्या पद्धतीची) डीव्हीडी असेल तर सहसा ही भानगड नसते, पण चित्र चार टक्के जलद पळतं, त्यामुळे मिनिट-सेकंद देताना आवृत्ती लिहा.

आणखी एक. तेव्हाच्या टीव्हीच्या काचेआड चित्राच्या कडा झाकल्या जायच्या, म्हणून छायाचित्रकार मधल्या ९० टक्क्यांत चौकट सांभाळायचे. ७२० बाय ४८० च्या फ्रेममध्ये डावी-उजवीकडे ३६-३६ आणि वर-खाली २४-२४ पिक्सेलची पट्टी आखा. माइक, दिव्याचा स्टँड, जमिनीवरची खूण फक्त त्या पट्टीत असेल, तर १९७८ सालच्या प्रेक्षकाला ती दिसलीच नव्हती. पट्टी ओलांडून मधल्या भागात आली असेल तरच घ्या.