मदत हवी आहे: लुआचा रेफरन्स सुधारायचाय, कुठून सुरू करू?

अर्धवटराव
आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा एम्बेड केलीय आणि तिचा रेफरन्स (कुठलं फंक्शन काय करतं ते सांगणारी पानं) आता माझ्या गळ्यात पडलाय. लोक जुनी पानं वाचून कोड लिहितात, तो चालत नाही, मग शिव्या मला. रिलीजच्या आत नीट करून द्यायचंय. एकेक फंक्शन दुरुस्त करत बसू की सरळ नव्याने लिहू? टूल असेल तर तेही सांगा. जरा लवकर, आणि 'मॅन्युअल वाच' सोडून काहीतरी सांगा, ते वाचलंय.

खिळेमोळे
लुआ कुठली? 'चालत नाही' म्हणजे काय होतं? एरर चिकटवा की इथे.

उंटावरचा
आणि रेफरन्स कोणासाठी आहे? स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी की सी भाषेतल्या कोडमधून लुआला हाक मारणाऱ्यांसाठी? दोघांचे प्रश्न पूर्ण वेगळे असतात.

सरळसोट
एलडॉक (कमेंटमधून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल) वापरा, विषय संपला. सोर्समध्येच कमेंट लिहायच्या, पॅरामीटर आणि रिटर्न टॅग द्यायचे, पानं आपोआप तयार. आम्ही तेच करतो.

जुनेखोड
@सरळसोट, पानं तयार होतात हो, पण त्यात असतं काय? 'सेटनेम: नेम सेट करते.' हे तर नाव वाचूनही कळतं. निल (म्हणजे रिकामी व्हॅल्यू) दिला तर काय होईल, एरर येते की गपचूप काहीच होत नाही, हे कमेंटमध्ये कुणी लिहीत नाही. मी तरी रेफरन्स हातानेच लिहितो.

सरळसोट
हाताने लिहिलेला रेफरन्स पुढच्या रिलीजला शिळा होतो, धागाकर्त्याचं तेच झालेलं दिसतंय. कमेंट निदान कोडच्या शेजारी तरी असते.

शून्यवादी
ज्या भाषेत ॲरे १ पासून सुरू होतो तिचं डॉक्युमेंटेशन कितीही सुधारा, काय उपयोग. जावास्क्रिप्ट एम्बेड करा.

खिळेमोळे
फोरट्रानमध्येही १ पासूनच आहे, तिथे नाही कुणी रडत. हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या.

अर्धवटराव
अहो लुआ ५.१ वरून ५.४ वर आलोय, दुसरं काय असणार! रेफरन्स दोघांसाठी आहे, स्क्रिप्टवाले जास्त. 'चालत नाही' चे नमुने: सेटएफएन्व्ह (फंक्शनचे ग्लोबल बदलणारं जुनं फंक्शन) निल आहे म्हणून एरर येते. आणि एकाची स्क्रिप्ट १० भागिले २ करून फाईलला नाव देते, तर 'भाग५' च्या जागी 'भाग५.०' तयार होतंय.

लुआजिटप्रेमी
लुआजिट (लुआ चालवणारं दुसरं इंजिन) घ्या, ती ५.१ चीच भाषा आहे. जुना रेफरन्स जवळपास तसाच चालेल.

अर्धवटराव
इंजिन बदलणं माझ्या हातात नाही हो.

उंटावरचा
हे आधी सांगितलं असतं तर वरचे निम्मे प्रतिसाद वाचले असते. असो. नव्याने लिहू नका. मॅन्युअलमधला सेक्शन ८ फक्त लगेचच्या आधीच्या आवृत्तीशी काय जुळत नाही तेवढंच सांगतो, म्हणजे तुम्हाला ५.२, ५.३ आणि ५.४ अशा तिन्ही मॅन्युअलचा सेक्शन ८ हवा. नुसतं ५.४ चं वाचलं असेल तर सेटएफएन्व्ह कुठे गेलं ते त्यात सापडणारच नाही, ते ५.२ मध्येच गेलं आणि त्या जागी _एन्व्ह हे व्हेरिएबल आलं. तसंच अनपॅक आता टेबल.अनपॅक, लोडस्ट्रिंगचं काम लोड करतं, सी बाजूला लुआएल_रजिस्टरच्या जागी लुआएल_सेटफंक्स, लुआ_ऑब्जलेनचं लुआ_रॉलेन.

'भाग५.०' चा प्रकार लुआ ५.३ पासूनचा. तेव्हा इंटिजर (पूर्णांक) आणि फ्लोट (दशांशाचे आकडे) वेगळे झाले, एका तिरक्या रेघेचा भागाकार कायम फ्लोट देतो आणि फ्लोट छापताना .० दिसतं. दोन तिरक्या रेघा दिल्या आणि दोन्ही आकडे इंटिजर असले की उत्तर इंटिजर येतं. हे भागाकाराच्या एंट्रीतच उदाहरणासकट टाका, 'बदल' नावाच्या शेवटच्या पानावर कुणी जात नाही.

जुनेखोड
+१. सी वाल्यांसाठी मॅन्युअलची चौकोनी कंसाची पद्धत उचला: फंक्शन स्टॅकवरून (सी आणि लुआ व्हॅल्यूंची देवाणघेवाण करतात ती जागा) किती काढतं, किती ठेवतं, एरर टाकतं का. टेबलमधल्या नोंदी एकेक करून देणारं लुआ_नेक्स्ट एक काढतं आणि दोन ठेवतं, पण टेबल संपलं की काहीच ठेवत नाही. नवखे इथेच आपटतात. शिवाय टेबलवर फिरताना 'की' वर (नोंदीच्या नावावर) लुआ_टूएलस्ट्रिंग चालवलं आणि ती 'की' नंबर असली तर ती जागच्या जागी स्ट्रिंग होते, मग पुढचं नेक्स्ट गोंधळतं. हा इशारा दोन्ही फंक्शनच्या पानांवर हवा, एकावर ठेवून भागत नाही.

सरळसोट
आणि उदाहरणं बिल्डमध्ये खरीच चालवून बघा, तुटलं तर बिल्ड तुटू दे. यावर तरी जुनेखोडांचं दुमत नसावं.

जुनेखोड
दुमत नाही. पण एलडॉकला अजूनही नकारच.

शून्यवादी
चालवताना उदाहरणं १ पासून मोजा बरं का.

अर्धवटराव
तिन्ही सेक्शन ८ शेजारी उघडून यादी करतोय. लुआ_रेझ्यूमवर (कोरूटीन, म्हणजे मध्येच थांबवता येणारं फंक्शन, सुरू करणारं किंवा पुढे चालवणारं) अडलो. ५.२ मध्ये 'फ्रॉम' पॅरामीटर वाढला, ५.४ मध्ये रिझल्टच्या संख्येचा पॉइंटर. एंट्री एकच ठेवू की आवृत्तीप्रमाणे वेगळ्या?

उंटावरचा
एकच. वर ५.४ ची सिग्नेचर (फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर), खाली कुठल्या आवृत्तीत काय वाढलं ते एकेका ओळीत. पण नुसतं 'पॅरामीटर वाढला' लिहून थांबू नका. पूर्वी कोरूटीनने परत दिलेल्या व्हॅल्यू म्हणजे तिचा अख्खा स्टॅक असायचा, म्हणून लोक स्टॅकची उंची मोजायचे. आता वरच्या किती व्हॅल्यू आपल्या ते त्या पॉइंटरमधून कळतं. नवीन पॅरामीटर कसाबसा भरून जुनी मोजणी तशीच ठेवली तर कोड कंपाइल होईल आणि उत्तर चुकेल, ते स्पष्ट लिहा.