नऊ नंबरच्या पोराला वेळ द्या: घरच्या ग्रुपवरची चर्चा

अण्णा: काल व्हिडिओ कॉलवर पणतू एकाच खेळाडूबद्दल बोलत बसला होता. हार्ली रीड, हार्ली रीड. मला निम्मं कळलं नाही, पण पोरगं रंगात आलं होतं. कोण आहे हा आणि एवढं काय आहे त्याच्यात? सविस्तर लिहा, मला वेळच वेळ आहे.

दादा: अण्णा, सांगतो. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतो, इथला हात-पाय दोन्हीनं खेळायचा फुटबॉल. हार्लीचा जन्म एप्रिल २००५ चा, म्हणजे अजून विशीतलाच. व्हिक्टोरिया राज्यात टोंगाला नावाचं छोटं गाव आहे, मरी नदीच्या पट्ट्यातलं, गाईगुरांचं आणि दुधाचं. तिथला हा मुलगा. बेंडिगो पायोनियर्स या १८ वर्षांखालच्या संघातून खेळला आणि नोव्हेंबर २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, अख्ख्या देशातून पहिल्या नंबरवर निवडला गेला. आमच्या पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सनं घेतला. वर जर्सी दिली नऊ नंबरची, जी आधी आमचा लाडका खेळाडू निक नायटानुई घालायचा. पर्थमध्ये त्या नंबरचं वजन काय आहे ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

बंटी: दादा, पहिला नंबर तुम्हाला का मिळाला तेही सांग ना आजोबांना.

दादा: सांगतो की. २०२३ मध्ये आम्ही फक्त ३ सामने जिंकलो, तळाला गेलो. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते.

मी: म्हणजे सगळ्यात गुणी पोरगा सगळ्यात जास्त हरणाऱ्या संघात जाणार? हा कसला नियम?

आत्या: अगं, नाहीतर मेलबर्नचे चार श्रीमंत क्लब सगळी पोरं उचलतील. १८ संघ आहेत, त्यातले दहा एकट्या व्हिक्टोरियात. नियम चांगला आहे. पण पोरांच्या जिवावर येतो हे खरं. शाळा संपते न संपते तोच बॅग भरायची आणि चार तास विमानात बसून देशाच्या दुसऱ्या टोकाला. हार्लीचं तेच झालं.

बंटी: आजोबा, आता दुसरी बाजू पण ऐका. मी कॉलिंगवूडवाला आहे, पण पक्षपात नाही करत. २०२५ मध्ये वेस्ट कोस्टनं २३ पैकी एकच सामना जिंकला. एक! हार्लीची दोन वर्षं झाली. आमचा निक डेकॉस विसाव्या वर्षी, २०२३ मध्ये, ब्राउनलो पदकाच्या मतांत तिसरा आला होता. २८ मतं. ते पण गुडघ्याचं हाड चिरलं म्हणून शेवटचे सामने बुडालेले असताना. मोठा खेळाडू असेल तर विसाव्या वर्षी दिसायला नको का?

अण्णा: ब्राउनलो म्हणजे?

आत्या: अण्णा, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक. प्रत्येक सामन्यानंतर पंच ३, २, १ अशी मतं देतात. शेवटी बेरीज.

दादा: बंटी, मुद्दा चांगला काढलास, आता नीट वाच. डेकॉसचे वडील पीटर डेकॉस. कॉलिंगवूडकडून २५० सामने, ५४९ गोल. थोरला भाऊ जॉश त्याच संघात. वडील-मुलगा नियमामुळे, म्हणजे बापाच्या जुन्या क्लबला मुलगा आधी घेता येतो त्यामुळे, निक आपल्याच शहरातल्या, आपल्याच घरच्या क्लबात गेला. आणि पहिल्या वर्षी त्याला खेळवलं कुठं? हाफ बॅकला, म्हणजे बचावाच्या बाजूला. तिथं अख्खा खेळ समोर दिसतो, बॉल घ्यायला जरा उसंत मिळते, पाठीमागून कोणी येऊन आपटत नाही. त्या वर्षी कॉलिंगवूड प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या फेरीपर्यंत पोचलं होतं. हळूहळू, चांगल्या माणसांच्या मधे ठेवून त्याला मिडफिल्डमध्ये आणला. एखाद्या पोराला घडवायचं तर असं घडवावं, याबद्दल तुमच्या क्लबला माझा सलाम आहे.

हार्लीला हे काहीच मिळालं नाही. अठराव्या वर्षी, पहिल्याच सामन्यापासून थेट मैदानाच्या मधोमध. आजूबाजूला जायबंदी संघ. पहिल्याच हंगामात, जुलैमध्ये, कोच ॲडम सिम्पसन गेले. पुढच्या वर्षी नवे कोच अँड्र्यू मॅकक्वाल्टर आले, म्हणजे खेळायची पद्धत परत पहिल्यापासून शिका. या सगळ्यात तो उभा राहिला हेच मला मोठं वाटतं.

अण्णा: मधोमध म्हणजे नेमकं काय करायचं असतं? मला गोल मारणारा कळतो, अडवणारा कळतो. मधला काय करतो?

दादा: अण्णा, हाच या खेळाचा जीव आहे. मैदान लंबगोल, दीडशे मीटरहून लांब. एका बाजूला १८ जण. प्रत्येक गोलनंतर बॉल परत मध्यावर येतो. मधे एक चौकोन आखलेला असतो, त्यात सुरुवातीला दोन्ही संघांचे चारचारच जण. एक उंच माणूस असतो, त्याला रक म्हणतात, तो उडी मारून बॉलला हात लावतो आणि खाली ढकलतो. बाकीचे तीन मिडफिल्डर. बॉल कुठं पडणार हे ओळखायचं, गर्दीतून उचलायचा आणि बाहेर काढायचा. याला क्लिअरन्स म्हणतात. सामने इथं जिंकले जातात.

ऑप्टस स्टेडियमवर खाली कठड्याजवळ बसून मी हार्लीला बघितलाय. बॉल पडायच्या आधीच त्यानं समोरच्याच्या कमरेला कंबर लावून जागा धरलेली असते. बॉल हातात आला की पळायला सुरुवात करत नाही, आधी अर्धा क्षण थांबतो. टॅकल करणारा अंगावर येतो, आणि याचा पंजा सरळ त्याच्या छातीवर. कोपर ताठ. समोरचा मोठा बाप्या, दहा वर्षं खेळलेला, मागे कोलमडतो आणि हा तीन पावलांत मोकळा. स्टेडियममधून जो आवाज उठतो ना, तो गोललाही उठत नाही. इथं त्या धक्क्याला ‘डोन्ट आर्ग्यू’ म्हणतात. रिचमंडचा डस्टिन मार्टिन त्यासाठी प्रसिद्ध होता, म्हणून हार्लीची सतत त्याच्याशी तुलना होते.

अण्णा: वा. हे बघायला पाहिजे.

बंटी: दादा, हे सगळं खरं. पण बॉल गेल्यावर काय? मी पण बघतो सामने. बॉल दुसऱ्याकडे गेला की हार्ली कंबरेवर हात ठेवून उभा असतो. डेकॉस नाही उभा राहत. गोल्ड कोस्टचा मॅट रोवेल तर नाहीच नाही. परत धावत जाऊन माणूस धरणं हे वयावर नसतं, मनावर असतं.

वहिनी: बंटी, इथं मी बोलते. मी फिजिओ आहे, दिवसभर गुडघे आणि खांदेच बघते. परत धावणं मनावर असतं, पण आधी ते फुप्फुसांवर आणि पायांवर असतं. मिडफिल्डर एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावतो. तेही एका गतीनं नाही. पूर्ण वेगात धाव, आपटणं, उठणं, परत धाव, असं चार क्वार्टर. बेंचवर जाऊन दम घ्यायचा तर संघाला मोजून ७५ बदल मिळतात. आणि हार्ली बारीक चणीचा धावपटू नाहीये. १८७ सेंटीमीटर उंच आणि अंगानं भरलेला. एवढं वजन घेऊन तेवढं अंतर काटायचं तर तीन-चार प्री-सीझन, म्हणजे हंगामाआधीचे सराव, सलग, दुखापतीशिवाय व्हावे लागतात. ताकद त्याच्याकडे अठराव्या वर्षीच होती. दमसास नंतर येतो. उलटं क्वचितच होतं.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी शरीर मोठ्यांसारखं दिसतं म्हणून लोक फसतात. स्नायू तयार झालेले असतात, पण स्नायूबंध आणि हाडं इतका मार सोसायला अजून शिकत असतात.

अण्णा: सूनबाईंचं मला पटलं. आमच्या तालमीतही हेच. अंगानं दांडगा पोरगा बघून लोकांनी त्याला मोठ्या जोडीला लावायची घाई करायची आणि वस्तादानं अडवायचं. पहिले पाच मिनिटं तो भारीच पडतो. कुस्ती लांबली की कळतं.

दादा: अण्णा, अगदी हेच! आणि बंटी, तू रोवेलचं नाव काढलंसच तर त्याचीच गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा विश्वास त्या गोष्टीवर उभा आहे.

मॅट रोवेल, २०१९ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर. गोल्ड कोस्ट सन्स, तोही तळाचा संघ. २०२० मध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत ओळीनं तिन्ही वेळा पंचांची ३ मतं. त्यातला पहिला सामना आमच्याच विरुद्ध होता. सगळे म्हणाले, हा पोरगा इतिहास घडवणार. पाचव्या फेरीत जिलाँगविरुद्ध खांदा निखळला, हंगाम संपला. २०२१ ला पहिल्याच सामन्यात, इथं पर्थमध्ये, गुडघा गेला. मग दोन-तीन वर्षं लोक काय बोलत होते आठव. किक नीट बसत नाही, नुसता टॅकल करतो, पहिल्या नंबरच्या लायकीचा नव्हता. तो गप्प राहून काम करत राहिला. आणि २०२५ ला, चोविसाव्या वर्षी, ३९ मतं घेऊन ब्राउनलो. दुसरा कोण आला? तुझा डेकॉस.

ड्राफ्टपासून पदकापर्यंत सहा हंगाम. हार्लीचे झालेत दोन.

बंटी: मान्य. रोवेलचं मला पण कौतुक आहे. पण त्या वर्षी गोल्ड कोस्ट पहिल्यांदा फायनल्समध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत गेलं. डेमियन हार्डविकसारखा कोच आहे. नोआ अँडरसन शाळेपासूनचा दोस्त, त्याच ड्राफ्टचा दुसरा नंबर, शेजारी उभा. हार्लीच्या शेजारी कोण आहे?

आत्या: आमच्या कार्लटनमध्ये पॅट्रिक क्रिप्सच्या शेजारी तरी कोण होतं रे? तो उलट्या दिशेनं आलेला, पर्थच्याही वरच्या नॉर्थहॅम्प्टन गावातला मुलगा, मेलबर्नला. २०१४ ला पहिला सामना. २०१८ ला आम्ही दोनच सामने जिंकलो, आणि तो दर आठवड्याला दोघातिघांना अंगावर घेऊन बॉल काढत होता. मी स्टँडमध्ये बसून रडलेय त्या वर्षी. पहिली फायनल खेळायला त्याला २०२३ उजाडावं लागलं. तरी दोन ब्राउनलो आहेत त्याच्याकडे, २०२२ आणि २०२४. दुसऱ्या वेळी तर ४५ मतं, आजवरचा विक्रम. हरणाऱ्या संघात माणूस वाया जातोच असं नाही. पण त्याची पाठ मोडेपर्यंत एकट्यावर टाकू नये, एवढं क्लबनं बघावं.

दादा: आत्या, शंभर टक्के. म्हणून २०२५ च्या ड्राफ्टमुळे मी आशेवर आहे. त्या वर्षी परत तळाला गेलो, पण विलेम ड्युर्स्मा पहिल्या नंबरवर आणि कूपर डफ-टायटलर चौथ्या नंबरवर मिळाले. ड्युर्स्मा धावणारा आहे, डफ-टायटलर उंच, रकला खेळू शकतो. हार्लीचं ओझं वाटून घेणारी माणसं वयानं त्याच्याच आसपासची असतील तर संघ एकत्र मोठा होतो.

मी: तो घरी परत जाणार अशा बातम्या होत्या ना? मध्यंतरी तू फार काळजीत होतास.

दादा: होत्याच. व्हिक्टोरियातले क्लब गळ टाकून बसले होते, पैसाही कमी नव्हता. करार २०२६ पर्यंतच होता. पण त्यानं दोन वर्षं वाढवून २०२८ पर्यंत सही केली. एका सामन्याच्या विजयाच्या हंगामानंतर! मला त्या दिवशी झालेला आनंद शब्दात नाही सांगता येणार. घरापासून इतक्या लांब, तेही विसाव्या वर्षी, जिथं भाजी आणायला गेलं तरी लोक फोटो काढतात अशा शहरात, हरत असताना थांबायचं ठरवणं यात मला त्याचा पिंड दिसला.

बंटी: पण दोनच वर्षं. सात-आठ वर्षांचा करार पण होऊ शकला असता.

वहिनी: वीस वर्षांच्या मुलानं सात वर्षांचं वचन का द्यावं? मला तर दोन वर्षंच शहाणपणाची वाटतात. क्लबलाही धाक राहतो.

अण्णा: बरं, आता मला सरळ सांगा. हा पोरगा पुढे कुठवर जाईल?

दादा: अण्णा, माझं मत सांगतो. तो डेकॉससारखा दिवसभर बॉल गोळा करणारा मिडफिल्डर होणार नाही, आणि व्हायलाही नको. तो मार्टिनच्या वाटेनं जाईल. बराच वेळ मधे, उरलेला वेळ पुढे गोलजवळ, जिथं एकट्या बचावपटूला त्याच्याशी झुंजावं लागेल. मार्टिनसुद्धा २००९ च्या ड्राफ्टचा. पहिला विजेतेपदाचा हंगाम २०१७ मध्ये, वय २६. त्याच वर्षी ब्राउनलो, आणि ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदकही. असे लोक उशिरा पिकतात, पण मोठ्या सामन्यात त्यांना थांबवणारा सापडत नाही.

त्यानं दोन गोष्टी सुधारायला हव्यात. एक, बंटी म्हणतो ती परतीची धाव. वहिनीचं खरं असलं तरी पहिल्या क्वार्टरमध्ये दम हे कारण होऊ शकत नाही, तिथं मी बंटीच्या बाजूनं आहे. दुसरी, डोकं. २०२४ ला धोकादायक टॅकलसाठी दोन सामन्यांची बंदी बसली होती. समोरचे त्याला मुद्दाम डिवचतात, जर्सी ओढतात, कारण तो भडकतो हे त्यांना माहीत आहे. हे त्याला स्वतःच शिकावं लागेल.

आत्या: आणि पर्थच्या पेपरवाल्यांनी त्याला आठवडाभर तरी पहिल्या पानावरून काढावं.

बंटी: ठीक आहे दादा. मी या हंगामात वेस्ट कोस्टचे सामने बघताना त्याचे डिस्पोजल, म्हणजे किती वेळा बॉल पुढे दिला ते, नाही मोजणार. परतीची धाव मोजणार.

दादा: मोज. फक्त पहिल्या क्वार्टरची वेगळी लिही आणि चौथ्याची वेगळी. पहिल्यात कमी पडला तर तुझं बरोबर, चौथ्यात कमी पडला तर वहिनीचं.

वहिनी: आणि सामना पर्थमध्ये आहे की तीन-चार तासांच्या विमानप्रवासानंतर, तेही शेजारी लिही.