सेतूवर लॅपटॉपला दुसरी स्क्रीन: पोर्टेबल मॉनिटर घेऊ का? बजेट १२ हजार

ओसरीवाला
राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, लोकांच्या तोंडी सेतूच. जुलैत पीकविम्याची गर्दी असते. एका खिडकीत सातबारा, दुसरीत फॉर्म, तिसरीत पासबुकाचा फोटो, आणि दिवसभर आल्ट-टॅब. मागच्या हंगामात एका काकांच्या खाते क्रमांकातले दोन आकडे माझ्या हातून उलटे पडले. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून खुपतं.

हप्त्यातून दोन दिवस आजूबाजूच्या गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसतो, म्हणून पिशवीत मावेल असा हवा. लॅपटॉप पाच वर्षं जुना, विंडोजचा. एक एचडीएमआय, एक टाइप-सी, दोन साधे यूएसबी. मित्राचा १५.६ इंची मॉनिटर मोबाईलच्या चार्जिंग केबलनं टाइप-सीला लावून पाहिला. दिवा लागला, चित्र नाही. बिघाड कोणात?

वायरवाला वऱ्हाडी
कोणातच नाही भाऊ. चार्जिंगच्या केबलमंदी बहुतेक वेळा करंट आन् यूएसबी २.० च्या तारा, एवढंच. चित्र न्यायच्या तारा तिच्यात नसतेच. पण केबल बदलण्याआधी लॅपटॉपचं भोक पाय. टाइप-सीच्या बाजूला डी-पी असं चिन्ह नाही तर थंडरबोल्टची वीज छापली असन, तर चित्र निघते. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असन तर बहुतेक नाही निघत. पक्कं पायजे असन तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’, म्हंजे टाइप-सीतून चित्र काढायची सोय, लिहिलं हाय का पाय. दुकानदाराले इचारू नोको, तो ‘टाइप-सी आहे ना, चालते’ म्हणून मोकळा होते.

ओसरीवाला
त्रिशूळच आहे. साइटवर फक्त डेटा लिहिलंय. म्हणजे गेले का पैसे?

वायरवाला वऱ्हाडी
कायले जातीन? एचडीएमआय हाय ना. मॉनिटरच्या बाजूनं बहुतेक मिनी एचडीएमआय राहते, म्हून केबल तशी घेजो. फक्त एचडीएमआय मॉनिटर चालवण्याएवढा करंट देत नाही, तो येगळा द्यावा लागते. आन् निस्ते टाइप-सीवालेही मॉनिटर येतात, लेनोवोचा थिंकव्हिजन एम१४ तसाच. चांगला हाय, पण तुह्या कामाचा नाही.

पुसदची लेखनिक
करंटवरून सांगते. मी गावातून पुण्याच्या ऑफिसचे हिशेब करते, दोन वर्षं झाली दुसऱ्या स्क्रीनला. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी ३ मधून नियमानं साडेचार वॉटच मिळतात. मॉनिटर मागतो सात-आठ. ब्राइटनेस वाढवला की स्क्रीन मिचकावते आणि आपण कंपनीला शिव्या देत बसतो.

दुसरं, लाइनीचं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-अवरची. एकटा साधारण १० वॉट खातो, म्हणजे पाच तास. मॉनिटरही त्याच्यावरच जगवला की तीन तासही निघत नाहीत. म्हणून मॉनिटरला १० हजार एमएएचची पॉवर बँक लावते, गळती धरून साडेतीन तास जातात. लाइन गेली तरी फॉर्म अर्धवट राहत नाही.

जुनं ते सोनं
साधा २२ इंची मॉनिटर घे ना बापा! निम्म्या पैशात येते, डोळ्याले बरा. हे पाटीएवढं घेऊन काय करतं?

ओसरीवाला
काका, मोटारसायकलवर २२ इंची कुठं बांधू? केंद्रावरच बसायचं असतं तर तोच घेतला असता.

दारव्ह्याचा सेतू
मी पण याच धंद्यातला. दोन गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत.

पहिली, यूएसबीची भोकं. अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर लावला की दोन्ही संपली. मी स्वस्तातला हब घेऊन मॉनिटरचा करंटही त्याच्यातूनच दिला, तर अंगठ्याच्या मशीनचं कनेक्शन घडीघडी तुटायचं. म्हातारी माणसं चार-चार वेळा बोट पुसतात, आधीच ठसा झिजलेला. मशीन सरळ लॅपटॉपला लाव.

दुसरी, मॉनिटर शेतकऱ्याकडे फिरवायची. त्यासाठीच मी हलका घेतला. डिस्प्ले ‘एक्स्टेंड’वर (दोन स्क्रीनवर वेगवेगळं) ठेवायचा, ‘डुप्लिकेट’वर (दोन्हीकडे तेच) नाही, नाहीतर आधीच्या माणसाचं आधार कार्ड सगळ्या रांगेला दिसतं. फॉर्म आपल्याकडे भरायचा, सबमिटच्या आधी विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण दाबून ती खिडकी तिकडे सरकवायची, झूम दीडशे टक्के. नाव, गट नंबर, खातं त्यांनाच वाचायला लावायचं. ज्यांना वाचता येत नाही ते सोबतच्याला पुढं करतात. एक रुपयात विमा होता तेव्हा रांग रस्त्यापर्यंत असायची, तरी मी हे सोडलं नाही. खाते क्रमांकाच्या दुरुस्तीसाठी परत येणारे लोक माझ्याकडे एकदम कमी झाले.

पुसदची लेखनिक
हे मला सुचलं नव्हतं! ओसरीत मात्र उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. या मॉनिटरची चमक अडीचशे-तीनशे निटच्या आसपास असते, उजेडात नुसता आपला चेहरा दिसतो. चकचकीत काचेपेक्षा मॅट घ्या. आणि मे महिन्यात डिक्कीत ठेवू नका. बहुतेकांची चालवतानाची मर्यादा ४० अंशांची, आपल्याकडे सावलीतच ४५ होतात.

नागपूर रिटर्न
घुसतोय मधेच. एम१ मॅकबुक एअर आहे, दोन मॉनिटर लावू का?

वायरवाला वऱ्हाडी
त्याले बाहेरची एकच स्क्रीन चालते. दुसरी पायजेच असन तर डिस्प्लेलिंकवाला, म्हंजे यूएसबीतून चित्र काढणारा, अडॅप्टर आन् त्याचं ड्रायव्हर. ओसरीवाल्या, पैसे टाकायच्या आधी घरच्या अँड्रॉइड टॅबवर स्पेसडेस्क, म्हंजे टॅबले लॅपटॉपची दुसरी स्क्रीन बनवणारं अ‍ॅप, टाकून पाय. हॉटस्पॉटवर चालते, नेट नसलं तरी. माऊस जरा मागं ओढते, पण दोन स्क्रीनची सवय होते का नाही ते समजते.

ओसरीवाला
आठ दिवस पोराच्या टॅबवर काढले. माऊस खरंच अडखळतो, पण आल्ट-टॅब सुटलं. काल मॅटवाला १५.६ इंची मागवला, मिनी एचडीएमआयची केबल आणि पॉवर बँक धरून ११,४०० ला पडला. पहिल्याच दिवशी पिशवीत अंगठ्याचं मशीन स्क्रीनवर दाबलं गेलं. डाग पडला नाही, नशीब. बायकोनं जुन्या गोधडीची खोळ शिवून दिली.

आज ते काका आले होते. स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मग पासबुक काढून पुन्हा वाचला. मागची रांग कुरकुरली. कुरकुरू दिली.