विंडोज १० चे जुने संगणक सीनाकाठच्या शाळांना पाठवायचे की पैसे?

पंचगंगा_४३ (मूळ धागा)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या ऑफिसांतले सहाव्या-सातव्या पिढीचे डेस्कटॉप चालू असूनही एका दिवसात अडगळ झालेत. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वीच सोलापूर-धाराशिवकडच्या सीना नदीला महापूर आला होता. करमाळा, माढा, मोहोळ, पलीकडे परांडा, भूम, सगळीकडे गावांत पाणी शिरलं. आता आपल्याकडे आवाहन फिरतंय: ऑफिसचे जुने संगणक द्या, ट्रक भरून तिकडच्या शाळांना पाठवू.

माझा याला विरोध आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मदत घेणारे आपण होतो. चांगली मदत अफाट आली. पण जुन्या कपड्यांचे ढीगही आले आणि ते निवडायला माणसं अडकून पडली. जुना संगणक म्हणजे तसाच कपडा, फक्त त्याला वीज लागते आणि बंद पडला की फेकताही येत नाही. ज्याच्या घराची भिंत पडली, त्याच्या मुलाला आधी वह्या, दप्तर आणि कोरडी खोली हवी. पैसे द्या. काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या.

उद्यमनगर_लेथ

दादा, कपड्यांची तुलना पटली नाही. कपडा फाटका असेल तर तो फाटकाच राहतो. संगणक दुरुस्त होतो.

हिशोब बघा. चार कोअरचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क. हे मशीन रडत चालतं ते डिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नाही. डिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकायची, रॅम ८ जीबी करायची, बोर्डावरचा सीमॉसचा सीआर २०३२ सेल (घड्याळ-सेटिंग्ज जपणारा) बदलायचा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. २०२५ च्या बाजारभावाने तीन-चार हजारांत मशीन शाळेच्या कामाला पुढची चार वर्षं पुरतं. नव्या एका डेस्कटॉपच्या पैशात असे आठ-दहा होतात. पैसे दिले तर शाळा एक नवा घेईल आणि तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसेल. मुलांच्या हाताला काय लागणार?

पंचगंगा_४३

ते तीन-चार हजार कोण घालणार? आवाहनात "जुने संगणक आणून द्या" एवढंच लिहिलंय. एसएसडीचा शब्दही नाही. माझा विरोध त्यालाच आहे.

सेवाकेंद्र_वडणगे

यात एक मोठा प्रश्न राहून जातोय. त्या मशीनवर घालणार काय? सगळे म्हणतात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका, फुकट आहे. मुलांना शिकायला, ब्राउझरवर यू-डायस प्लस (शाळांच्या सरकारी माहितीचं पोर्टल) भरायला, लिब्रे ऑफिसमध्ये पत्र लिहायला ते उत्तम आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. पण शाळेचं ऑफिस आणि गावातलं सेवा केंद्र त्यावर चालणार नाही.

आधारसाठी बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते. डिजिटल सहीचं टोकनही लिनक्सवर अडू शकतं. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली त्या फॉन्टशिवाय वाचता येणार नाहीत. आणि प्रिंटर! गावोगावी कॅननचा एलबीपी २९०० आहे. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवताना जाणकारांचा अर्धा दिवस जातो. एचपीचा १०२० असेल तर एचपीलिप या ड्रायव्हरचं प्लगइन लागतं, ते इंटरनेटवरून उतरतं, आणि ते नसेल तर प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. पुरानंतर तिथं माणसं येणार ती दाखल्याला, केवायसीला, आधार जोडलेल्या खात्यात अनुदान का आलं नाही हे बघायला. त्या टेबलावर लिनक्स ठेवलं तर मदत करायला गेलेला माणूस अडचण करून येईल.

मुलांच्या खोलीत लिनक्स, ऑफिसच्या टेबलावर विंडोज ११ चालणारं एक मशीन. एवढी वाटणी आधीच करा.

उद्यमनगर_लेथ

वाटणी मान्य. पण ऑफिसच्या टेबलासाठीसुद्धा विंडोज १० लगेच मोडीत काढू नका. जादा सुरक्षा अपडेट्सची योजना आहे. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. मशीनवर २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्ज सिंक केली तर पैसेही लागत नाहीत. शिक्षण संस्थांसाठी वेगळे दर आहेत: मशीनमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४.

सेवाकेंद्र_वडणगे

ते शिक्षणाचे दर व्हॉल्यूम लायसन्सच्या (घाऊक परवान्यांच्या) करारातून मिळतात. दोन शिक्षकी शाळा तो करार कुठून करणार? आणि घरगुती योजना शाळेच्या मशीनला लावणं नियमात बसत नाही. वर्षभराची सोय सांगून तुम्ही पुढच्या ऑक्टोबरात तोच प्रश्न त्यांच्या दारात ठेवताय.

समिती_शिरोळ

घेणाऱ्या बाजूने लिहिते, कारण आमच्या तालुक्यातल्या शाळांनी दोन्ही महापुरांत मदत घेतली आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत वस्तू आली की ती जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढते. चढली की ती शाळेची मालमत्ता. पुढे बंद पडली तरी भंगारवाल्याला देता येत नाही. निर्लेखनाचा (वहीतून वस्तू कमी करण्याचा) प्रस्ताव करायचा, तो वर पाठवायचा, मंजुरीची वाट बघायची, आणि मग ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचा. तोवर बंद मशीन वर्गाच्या कोपऱ्यात. आधीच दोन खोल्यांची शाळा, त्यातला एक कोपरा तुमच्या दानाने अडवलेला. म्हणून उद्यमनगरच्या दादांना सांगते, "दुरुस्त होतो" हे खरं, पण दुरुस्त करणारा माणूस तुमच्याकडे आहे. तिथं नाही.

म्हणून पैसेच द्या असंही मी म्हणत नाही. आधी फोन करा. मुख्याध्यापकांकडून शाळेचा ११ आकडी यू-डायस क्रमांक घ्या, म्हणजे एकाच शाळेला तीन ट्रक आणि शेजारच्या वाडीला काही नाही असं होणार नाही. मग चार गोष्टी विचारा. वीज चालू आहे का आणि बिल कोण भरतं? जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण १०० वॅट धरा, दहा मशीन म्हणजे तासाला एक युनिट. अर्थिंग आहे का? पाणी शिरलेल्या खोलीतलं वायरिंग तपासलं का? जुनी मशीन भिजलीत का, आणि भिजली असतील तर कोणी चालू करून बघितली का?

पंचगंगा_४३

ताई, शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. तिथं आहेत तेच संगणक वाचवता आले तर इथून ट्रक कशाला?

समिती_शिरोळ

काही वाचतात. पण दिवस जातील तसे कमी वाचतात. पुराचं पाणी म्हणजे गाळ, सांडपाणी, क्षार. बोर्ड ओला असताना वीज दिली की शॉर्ट होतो. नुसता उन्हात वाळवला तर गाळ चिपच्या पायांत घट्ट बसतो आणि पंधरवड्यात तांबं हिरवं पडायला लागतं.

आधी प्लग काढून सीमॉसचा सेल काढायचा. रॅम, कार्डं, पंखे सुटे करायचे. बोर्ड स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवायचा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे उरलेलं पाणी निघून येतं. पंख्याच्या वाऱ्याखाली दोन-तीन दिवस. रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसायचे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) धुवत बसू नका, बदला. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज उरतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतला गाळ निघत नाही. यूपीएसची बॅटरी आणि फुगलेली लॅपटॉपची बॅटरी थेट बाजूला ठेवायची. तांदळात ठेवून काही होत नाही.

हार्ड डिस्कचं वेगळं. झाकणावर टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं, शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. पाण्याखाली गेलेल्या डिस्कमध्ये त्यातूनच गढूळ पाणी शिरतं. वाळल्यावर तबकडीवर गाळाचा पापुद्रा राहतो. आतलं डोकं तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. वीज दिली की ते त्या पापुद्र्यावर घासतं आणि दहा वर्षांचा हजेरीपट खरवडून जातो. त्यामुळे माहिती हवी असेल तर डिस्क वाळवू नका, चालू करू नका. ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. एसएसडीला असं छिद्र नसतं, फिरणारं काही नसतं. धुऊन, वाळवून बऱ्याचदा ती चालते.

ताळेबंद_राजारामपुरी

पैशांच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वस्तू दिली तर ८०जी ची (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली देणगीवरची) वजावट मिळत नाही, मशीन कितीही भारी असो. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तरी नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी चा प्रश्नच नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या रकमेवर जुन्या प्रणालीत १०० टक्के वजावट आहे, पण कंपनीला ती रक्कम सीएसआरमध्ये (कंपनीच्या सक्तीच्या सामाजिक खर्चात) धरता येत नाही. हे अनेक संचालकांना मार्चमध्ये कळतं. संस्थेला दिलेत तर तिने देणगीचं ठरलेलं प्रमाणपत्र (२०२५ मध्ये फॉर्म १०बीई) दिलं पाहिजे. साधी पावती पुरत नाही. ऑफिसचे संगणक फुकट देणार असाल तर खरेदीवेळी घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचं काय करायचं ते आधी सीएला विचारा. मालमत्ता यादीतून मशीन सीरियल नंबरसह कमी करा आणि शाळेकडून त्याच नंबरांची पोच घ्या.

आणि फिरणारं आवाहन बघितलं. त्यात क्यूआर कोड आहे आणि तो एका व्यक्तीच्या नावावर उघडतो. हेतू चांगला असेल, पण नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. परवानगीचा क्रमांक आवाहनावर छापा. देणाऱ्याने पैसे सोडण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचावं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. "मदत जमा करतो, पिन टाका" म्हणणारा फसवतोय. फसलात तर लगेच १९३० ला फोन.

उद्यमनगर_लेथ

क्यूआरचं बरोबर आहे. आवाहन करणाऱ्या मंडळाला आज कळवतो.

पण पैशांच्या बाजूने इतकं बोलल्यावर एक सांगा. महापुरानंतर पैसा पहिल्या महिन्यात येतो, नंतर आटतो. ऑफिसं मशीन बदलणार ती आत्ताच. आज घेतली नाहीत तर जानेवारीपर्यंत ती भंगारात किलोवर जातील. मशीन आत्ता गोळा करावीत, इथंच दुरुस्त करून ठेवावीत, आणि शाळा मागेल तेव्हा पाठवावीत. ट्रकची घाई कुणी सांगितली?

पंचगंगा_४३

यावर मी नरमतो. घाई नसेल आणि दुरुस्ती इथंच होणार असेल तर माझा विरोध उरत नाही. पण गोळा करताना दारातच नकार द्यायची तयारी ठेवा. चौथ्या पिढीच्या खालचं नको. फुटलेला पडदा नको. बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जना) पासवर्ड असेल आणि देणाऱ्याला तो आठवत नसेल तर नको. कंपनीच्या व्यवस्थापनात नोंदलेली मशीन तर अजिबात नकोत. रीसेट केल्यावर ती पुन्हा कंपनीचाच लॉगिन मागतात आणि शाळेत जाऊन नुसती निळा पडदा दाखवतात. आधी तुमच्या आयटीवाल्याकडून नोंद काढून घ्या.

ताळेबंद_राजारामपुरी

आणि डिस्क पुसून द्या. फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे, पगारपत्रकं आणि आधारच्या प्रती आत तशाच राहतात. फिरत्या डिस्कवर एनवाइप या डिस्क पुसायच्या प्रोग्रॅमने एकदा पूर्ण शून्य लिहिलं की पुरतं, ५०० जीबीला दोन-अडीच तास धरा. एसएसडीवर ते करू नका, तिच्यासाठी सिक्युअर इरेजची आज्ञा असते.

समिती_शिरोळ

अजून एकावर कोणी बोललं नाही. दोन वर्षांनी ही मशीन बंद पडली तर परत कोण आणणार? माझी मागणी सरळ आहे. शाळेला दान म्हणून देऊ नका, वापरायला द्या. मालकी मंडळाकडे ठेवा, तसं पत्र द्या, म्हणजे जडसंग्रहात ती चढणार नाहीत आणि निर्लेखनाची वेळच येणार नाही. बंद पडलं की मंडळाने न्यायचं.

उद्यमनगर_लेथ

ताई, दोनशेहून जास्त किलोमीटर जाऊन एक मशीन आणायचं? ते मंडळाला झेपणार नाही. मालकी शाळेकडेच हवी, नाहीतर कुणीच जपणार नाही.

समिती_शिरोळ

झेपणार नसेल तर कमी द्या. पन्नास मशीन पाठवण्यापेक्षा बारा पाठवा आणि बाराही सांभाळा.

सेवाकेंद्र_वडणगे

मालकीचं ठरेल तेव्हा ठरेल, खोकी भरताना एवढं बघा. प्रत्येक मशीनबरोबर त्याचीच केबल त्याच खोक्यात: पॉवरच्या दोन, मॉनिटरची एक. जुन्या मशीनला व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट असतं, मॉनिटरला एचडीएमआय, आणि मधला कन्व्हर्टर तालुक्याच्या गावातही मिळेल याचा भरवसा नाही. मॉनिटर उभे, पडद्याला पडदा लावून, मध्ये घोंगडं. रॅम खड्ड्यांत सैल होते, म्हणून पोचल्यावर चालू करण्याआधी ती दाबून बसवावी, हे मराठीत एका कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा.