‘आफ्रिकेतल्या खेड्यात मधुमेह नाही’ म्हणे!

भाकरतुकडा:
नाचणीवरच्या कालच्या लेखात वाक्य होतं, ‘आफ्रिकेतल्या खेड्यांत मधुमेह जेमतेम एक टक्का, कारण भरड धान्य.’ हा एक टक्का कुठला, ते तरी सांगायचं! टांझानियातल्या सहा खेड्यांची पाहणी, १९८९ साली छापलेली, ०.९ टक्के. त्याच पाहणीत साखर सीमारेषेवर असलेले सुमारे ८ टक्के होते, ते सोयीस्कर गाळलंत. तेव्हा मधुमेह ठरवायची उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० मिलिग्रॅम (दर डेसिलिटर) होती, आता १२६ आहे, म्हणजे आज जास्त लोक त्यात येतील. आणि तिकडचं रोजचं जेवण नाचणीचं कुठे? उगाली, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा घट्ट गोळा, आता बहुतेक मक्याची असते. त्यातही ‘सेंबे’ म्हणजे कोंडा-अंकुर काढलेलं पांढरंफेक पीठ. कोंड्यासकटचं ते ‘दोना’.

पायलीभर:
लेख माझाच. मक्याचं चुकलं, घ्या. पण गाव-शहर फरक खोटा आहे का? २००० साली छापलेले आकडे बघा. टांझानियाच्या दार-ए-सलाम शहरात पुरुष ५.९, बायका ५.७ टक्के, किलिमांजारोकडच्या ग्रामीण भागात १.७ आणि १.१. एवढी तफावत मर्यादा सरकवून पडत नाही. कारण म्हणून धान्य नको तर खेड्यातली पायपीट तरी मान्य करा.

धूळपाटी:
फरक आहेच, पण नेमका किती हे तपासणीचं रक्त ज्या नळीत घेतात तिच्यावर ठरतं. साध्या नळीत रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. काढताना १३० असलेली तासाभरात १२२ वर येते आणि मधुमेह हुकतो. साखर टिकावी म्हणून फ्लोराइड घातलेल्या करड्या टोपणाच्या नळीतही पहिला तासभर गळती चालूच असते. म्हणून नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला द्रव, वेगळा करायचा. पण त्यासाठीचं गरगर फिरवणारं यंत्र, सेंट्रिफ्यूज, जीपमध्ये आणि जीप चिखलात, हा खरा प्रश्न. ग्लुकोमीटरवर भिस्त ठेवाल तर ॲनिमियात तो उलट जास्त दाखवतो.

भाकरतुकडा:
मग एचबीएवनसी करा की, दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते ती चाचणी.

धूळपाटी:
सिकलसेलचे वाहक आणि जी६पीडी हे रक्तपेशींतलं विकर (एन्झाइम) कमी असलेले, या दोघांत तो आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर खोटा जास्त. रात्रभर उपाशी, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन दोन तासांनी रक्त. कटकटीचं आहे, पण तेच करावं लागतं.

रांजण:
नळ्या राहू द्या. रुग्ण टिकतच नाही, त्याचं काय? ग्रामीण मोझांबिकमध्ये टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर इन्सुलिनच बनवत नाही तो, झालेल्या मुलाचं पुढचं आयुष्य ७ महिने, असा अंदाज होता. मेलेला माणूस पाहणीत सापडत नसतो. इन्सुलिन मिळालं तरी फ्रीज कुठाय?

पायलीभर:
माठ आहे ना! आपल्याकडेही ठेवतात.

रांजण:
‘माठ आहे ना’ म्हणून भागत नाही हो. बिनझिलईची दोन मडकी एकात एक, मधल्या फटीत ओली वाळू, दिवसातून दोनदा पाणी, वर ओलं फडकं, जागा सावलीतली पण वाऱ्याची. कुपी पिशवीत गुंडाळून आतल्या कोरड्या मडक्यात. पाण्यात सोडली तर लेबल जातं आणि रबरी बूच खराब होतं. हेही कोरड्या हवेतच चालतं. केनियातल्या मोम्बासाच्या दमट किनाऱ्यावर पाणी उडत नाही, मग गारवा कुठला?

धूळपाटी:
एवढा गारवा हवाच असंही नाही. केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीतलं तापमान, दिवसभरात २५ ते ३७ अंश, प्रयोगशाळेत तसंच ठेवून बघितलं. चार आठवड्यांनंतरही इन्सुलिन फ्रीजमधल्याइतकंच गुणकारी निघालं. २०२१चं काम आहे. कुपीवर उघडल्याची तारीख मात्र टाका.

भाकरतुकडा:
मडकी आवरा आता! टाइप १ने एकूण टक्केवारी जेमतेम हलते, हे रांजणरावांना ठाऊक असणार.

रांजण:
ठाऊक आहे. पण टाइप २चं, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या मधुमेहाचं, निदान तरी कुठे होतं? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजात आफ्रिका विभागातले निम्म्याहून जास्त रुग्ण निदानाविनाच होते. पायाची जखम चिघळल्यावर कळतं.

पायलीभर:
बरं बाबांनो. लेखात ‘१९८०च्या दशकात, टांझानियात, सहा खेड्यांत’ असं घालतो. नाचणी काढणार नाही, ती मूळची तिकडचीच, ‘उलेझी’.

भाकरतुकडा:
नाचणी राहू द्या. ‘कारण’ तेवढं काढा.