सात माणसं, साठ लाख ऑनरोड: फॉर्च्युनर फोर बाय फोर, लेजेंडर की ग्लॉस्टर?

उद्यमबाग_लेथ
नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत राहतो, उद्यमबागेत वर्कशॉप आहे. घरात सात जण: आई-बाबा, आत्या, आम्ही दोघं, दोन मुलं (थोरली सहावीत, धाकटा तिसरीत). आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. जुनी बोलेरो काढून एकच मोठी, चांगली गाडी घ्यायचा विचार आहे.
वापर: कामासाठी कोल्हापूर-पुणे नेहमीचं, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा, आणि जांबोटीच्या पुढे काजूची बाग. तिथला शेवटचा तुकडा कच्चा, पावसात नुसती तांबडी राड.
बजेट ६० लाख. शोरूमची किंमत नव्हे, टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. बघितलेल्या गाड्या: टोयोटा फॉर्च्युनर फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद) ऑटोमॅटिक, तिचंच महागडं रूप लेजेंडर फोर बाय फोर, एमजी ग्लॉस्टरचं टॉप मॉडेल. लेजेंडरला वरचे पैसे द्यावेत का, हा मुख्य प्रश्न. पाडव्याला गाडी दारात हवी.

निपाणीचा_अण्णा
फॉर्च्युनर. विषय संपला. माझ्याकडे पहिली होती, आता दुसरी आहे, तिसरीही तीच घेणार. पहिली विकताना गिऱ्हाईक घरापर्यंत चालत आलं. तवंदी घाटात भरल्या गाडीनं ट्रक मागे टाकतो, पायाखाली ताकद हाय हे कळतं. बाकी गाड्यांत पडदे आणि बटणं, यात इंजिन.

कॅम्प_बेळगाव
साठ लाख घालूलालास तर जरा वर बघ की. माझ्याकडे मर्सिडीजची जीएलएस ४५०डी आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, ७५० एनएम टॉर्क (ओढायची ताकद), एअर सस्पेन्शन, आणि तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खरोखर बसतो. पुण्याला जाऊन आलो तरी वडील उतरून थेट फिरायला जातात. आणि गाडी बनते कुठं? चाकणला. नवी तुझ्या बजेटात येणार नाही, पण दोन-तीन वर्षांची जुनी बघ. ती नाही तर ऑडीची क्यू ७ किंवा व्होल्वोची एक्ससी ९०. एकदा त्या सीटवर बसलास की फॉर्च्युनर आवडणार नाही, हे लिहून ठेव.

गोवावेस_संदीप
जुनी जर्मन गाडी घेऊ नकोस, हात जोडून सांगतो. माझ्या थोरल्या भावानं घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही. एअर सस्पेन्शनचा पुढचा फुगा गेला आणि संकेश्वरजवळ गाडीचं नाक खाली बसलं. टो करून न्यावी लागली, पार्ट येईपर्यंत गाडी तिकडेच उभी. बिल बघून वहिनी बोलायच्या बंद झाल्या. दोष गाडीचा नाही, त्या गाडीचा खर्च तिच्या नव्या किमतीच्या हिशेबानं येतो, तू घेतलेल्या किमतीच्या नव्हे. एक कोटीची गाडी पन्नासला मिळाली तरी पार्ट कोटीच्या गाडीचेच.

कॅम्प_बेळगाव
वॉरंटी वाढवून घ्यायची असते. ती न घेता नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

शहापूर_वकील
सगळे गाडी सांगूलालेत, टॅक्स कोण सांगणार? कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १८ टक्के, आणि त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. म्हणजे जवळजवळ २० टक्के. शोरूम किंमत ४५ लाख धरा, ९ लाख टॅक्सलाच गेले. वर इन्शुरन्स, टीसीएस (शोरूम आगाऊ कापतं तो आयकर). ६० लाख ऑनरोड म्हणजे गाडी ४७-४८ लाखांच्या आतलीच हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा मोठ्या एसयूव्हींचा कर सेससकट ५० टक्के होता तो ४० वर आला, म्हणून किमती उतरल्या. त्याआधीचे आकडे कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

कागलकर_९
एमएच ०९ वर, कोल्हापूर पासिंग घे की मर्दा. महाराष्ट्रात डिझेलला १५ टक्के. त्याच ४५ लाखांवर पावणेसात होतात. सव्वादोन लाख वाचले. कोल्हापुरात बहीण-भाऊ कुणीतरी असेलच, पत्ता त्यांचा लाव.

शहापूर_वकील
असले सल्ले देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ वाचा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली तर नव्यानं नोंदणी करावी लागते, टॅक्स इथं भरावा लागतो, आणि तिथला परत मागत आरटीओच्या खेपा घालाव्या लागतात. माणूस टिळकवाडीत राहतो, वर्कशॉप उद्यमबागेत. गाडी कुठं ठेवतो हे कुणीही सांगेल. खोट्या पत्त्यावर साठ लाखांची गाडी? अपघात झाला आणि क्लेमच्या वेळी पत्ता तपासला तर?

कागलकर_९
अर्धं बेळगाव एमएच ०९ वर फिरतंय, आम्हाला दिसतंय की.

निपाणीचा_अण्णा
आणि कोगनोळी टोलनाक्यावर आम्ही भरतो ते? महिन्याकाठी हिशेब काढा. रस्ता सहापदरी होतोय म्हणत म्हणत डायव्हर्जनमधून गाडी घालायची आणि टोल पुरा.

चिक्कोडीची_सूनबाई
टोल राहू दे अण्णा, त्यांनी आईंच्या गुडघ्याचं लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. आमच्याकडे फॉर्च्युनर आहे. सासूबाईंना चढायला पाय फूटबोर्डवर, मग वरचं हँडल धरून अंग ओढायचं. साडी नेसून तर फार अवघड. आता आम्ही लाकडी पाट मागे ठेवतो. दुसरं म्हणजे तिसऱ्या रांगेत जमीन उंच आहे, मोठा माणूस गुडघे छातीशी घेऊन बसतो. ती सीट दुमडली की दोन्ही बाजूंना वर लटकते, डिकीची रुंदी तेवढी जाते. मुलांना चालेल, आत्यांना नाही. सगळं घर घेऊन शोरूमला जा, सात जण बसवा आणि दार लावून पाच मिनिटं बसा. एकट्यानं टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही कळत नाही.

हायक्रॉस_बैलहोंगल
इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड घ्या. मी घेतली. चढायला सोपी, तिसरी रांग फॉर्च्युनरपेक्षा बरी, कंपनीचा आकडा लिटरला २३ च्या वर. टोयोटा म्हणजे टोयोटा. उरलेल्या पैशात प्लॉट घ्या.

निपाणीचा_अण्णा
लक्झरी एसयूव्ही विचारली त्यांनी, इनोव्हा नव्हे.

चोर्लाकर
कणकुंबीचा आहे, सगळा पावसाळा याच घाटात जातो, म्हणून मुद्द्याचं लिहितो.
एक, लेजेंडर. फॉर्च्युनर ऑटोमॅटिक आणि लेजेंडर ऑटोमॅटिक यांचं इंजिन एकच: २.८ लिटर, २०४ पीएस, ५०० एनएम. वरचे पैसे जातात पुढचा चेहरा, काळं छप्पर, पायानं उघडणारी डिकी असल्या गोष्टींना. चिखलात ती एका इंचानंही जास्त पुढं जात नाही. चेहरा मनापासून आवडला असेल तर घ्या, त्यात काही चूक नाही. मॅन्युअल मात्र विचारून घ्या, त्यात टॉर्क ४२० आहे.
दोन, फोर बाय टू घेऊ नका. फॉर्च्युनर फोर बाय टू मागच्या चाकांवर चालते. तांबड्या मातीच्या चढावर मागचं चाक जागीच फिरून खड्डा करतं. फोर बाय फोरला लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा गिअर) आणि मागचा डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) मिळतो, खरे पैसे त्याचे. पण कंपनीचे टायर रस्त्याचे असतात. बागेत जायचं असेल तर ऑल टेरेन टायरचा खर्च आत्ताच धरा.
तीन, डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. आजची कुठलीही डिझेल घ्या, धुराच्या वाटेत ती असतेच. नुसतं टिळकवाडी ते उद्यमबाग केलंत तर ती काजळीनं भरते. अधूनमधून हायवेला एका वेगात गाडी पळवली की जळून साफ होते. तुमचं कोल्हापूर-पुणे आहे, म्हणून तुम्हाला चालेल. ज्यांचं तसं नाही त्यांनी डिझेलच घेऊ नये.

अनगोळ_रोहन
ग्लॉस्टरबद्दल कुणीच लिहीना. माझ्याकडे ट्विन टर्बो फोर बाय फोर आहे. ४९८५ मिमी लांब, फॉर्च्युनर ४७९५. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २९५०, तो फरक आत बसल्यावर कळतो. वरचं अख्खं काचेचं छप्पर, ड्रायव्हर सीटला थंड हवा आणि मसाज. फॉर्च्युनरला या पैशात सनरूफसुद्धा नाही. टॉप मॉडेल सहा सीटर आणि सात सीटर असं येत आलंय, तुम्ही सात जण आहात, बुकिंगच्या कागदावर सात सीटर लिहून घ्या. शहापूरच्या गल्लीत वळवताना त्रास होतो, ते खरं. रिसेल कमी, तेही खरं. मी विकायला घेतलेली नाही.

निपाणीचा_अण्णा
रिसेल बघा. फॉर्च्युनर घ्या.

वडगाव_डॉक्टर
स्कोडा कोडियाक सुचवतो. २०२५ मध्ये नवी आली. दोन लिटर पेट्रोल, २०४ पीएस, नऊ एअरबॅग, युरो एनसीएपी या युरोपातल्या सुरक्षा चाचणीचे पाच तारे. हुबळी रोडला वेगात एवढी शांत चालते की मागे आई झोपलेली असते. बाहेर बघून छोटी वाटेल, पण सीटची उंची अशी की माणूस चढत नाही, टेकतो आणि आत सरकतो.

चोर्लाकर
डॉक्टर, तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची उंची, १५५ मिमी. चोर्ल्याचे खड्डे बघितलेत का? सात जण भरून तर पोट घासणारच. तिसरी रांगही पोरांचीच. आणि पेट्रोल. यांच्या वापराला ही गाडी नव्हे.

हायक्रॉस_बैलहोंगल
तेच म्हणतोय, हायक्रॉस.

गोवावेस_संदीप
चोर्लाकरांना दुजोरा. फॉर्च्युनर फोर बाय फोर साधी, वर टायर. लेजेंडर नको. बजेटातही बसते.

उद्यमबाग_लेथ
सगळ्यांचे मनापासून आभार. सूनबाईंनी सांगितलं तसं अख्खं घर घेऊन गेलो.
फॉर्च्युनरला आईनं डावा पाय फूटबोर्डवर ठेवला, हँडल धरलं आणि तिथेच थांबली. उजवा गुडघा वाकेना. मी मागून आधार दिला तर म्हणाली, दर वेळी तू असणार आहेस का? ग्लॉस्टरला आत गेल्यावर सगळे खूश, पण चढताना तीच गत, शिवाय आमच्या गेटातून ती वळवायची म्हणजे रोजचा त्रास. मग डॉक्टरांची कोडियाक बघितली. आई दाराशी पाठ करून टेकली, पाय आत घेतले, झालं. आत्याही तशीच. मुलं स्वतःहून तिसऱ्या रांगेत गेली, थोरलीचे गुडघे टेकत नाहीत, अजून दोन-तीन वर्षं तरी जाईल.
कोडियाक बुक केली. लॉरिन अँड क्लेमेंट हे टॉप मॉडेल, आतलं तपकिरी लेदर बायकोला आवडलं. टॅक्स वकीलसाहेबांच्या हिशेबाप्रमाणेच आला, पूर्ण केए २२ वर, आणि साठच्या आत बसली. बोलेरो विकत नाही. बागेला आणि चोर्ल्याला तीच जाईल. घरचे सगळे गोव्याला निघालो तर आंबोलीमार्गे, लांब पडलं तरी चालेल. पेट्रोलचा खर्च वाढणार, तो मान्य केलाय.

निपाणीचा_अण्णा
एवढ्या पैशात स्कोडा? पाच वर्षांनी विकताना मला फोन कर, तेव्हा बोलू.

चोर्लाकर
बोलेरो ठेवणार हे आधी लिहिलं असतं तर माझं उत्तरही वेगळं असतं. मग ठीक आहे. पाच-सहा जण बसले की टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या भरल्या गाडीच्या आकड्याला ठेवा, टायर कमी दबतात.

चिक्कोडीची_सूनबाई
आई चढल्या ना, मग बास.

शहापूर_वकील
अभिनंदन. दोन कामं विसरू नका. डिलिव्हरी घ्यायच्या आधी चासी नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघा, यार्डात उभी असलेली जुनी गाडी माथी मारतात. आणि शोरूम एक टक्का टीसीएस घेतं तो तुमच्या पॅनवर जमा होतो. रिटर्न भरताना सीएला सांगा, आयकरात वळता होईल. पन्नास लाखांच्या जवळच्या गाडीवर ती रक्कम थोडी नाही.

उद्यमबाग_लेथ
टीसीएसचं माहीत नव्हतं. उद्याच सीएला फोन करतो.

कागलकर_९
बोलेरो कधी काढलीस तर आधी मला सांग. कागलला गिऱ्हाईक तयार आहे.