मदत हवी आहे: अंगणाला 'यार्ड' म्हणायचं का?

मंडळी, पुतणी आठवीत आहे, तिला घराचं वर्णन इंग्रजीत लिहायचंय. अंगणाला 'यार्ड' चालेल का? आम्हा सांगलीकरांना यार्ड म्हणजे मार्केट यार्ड, हळदीचे सौदे! शिवाय कापडाचा वारही यार्डच, ३ फूट म्हणजे ०.९१४४ मीटर. डिक्शनरीत बघितलं तर दोन्ही शब्द मुळात वेगळे निघाले. जागेचा 'गार्डन'च्या भावकीतला, मापाचा काठीवरून आलेला. अमेरिकेत घराभोवतीच्या हिरवळीलाही यार्ड म्हणतात, ब्रिटनमध्ये तिला गार्डन. आमचं अंगण मात्र शेणाने सारवलेलं, मधे तुळशीवृंदावन, हिरवळ कुठली! मग फ्रंट यार्ड लिहू की कोर्टयार्ड? कोर्टयार्ड म्हटलं की मला वाड्याचा चौक दिसतो. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी जरा सांगा, वही सोमवारी द्यायची आहे.